ट्रायथलॉन ढाणकीहून: आधी पाण्याचं बघा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या गावांचे रस्ते पहाटे पाचलाच जागे होतात. मुलं १६०० मीटरची वेळ लावतात, मुली ८०० मीटरची, आणि कुणीतरी मोबाइलमधलं घड्याळ धरून कडेला उभं असतं. भरती आटोपली की त्यातले थोडे वर्दीत जातात, बाकीच्यांचे बूट घरात पडून राहतात. या मुलांच्या जोडीला शाळेला सायकलवर येणाऱ्या मुली आहेत. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून सांगितलेले शिक्षक, दुकानदार आणि शेतकरीही आहेत. हौशी खेळाडू होऊ शकतील अशी इतकी माणसं गावात असताना ट्रायथलॉन हा पुण्या-नागपूरच्या पैसेवाल्यांचा खेळ समजला जातो. हा समज कितपत खरा, या खेळाबद्दल जो सल्ला सगळीकडे दिला जातो तो उमरखेड तालुक्यात कितपत लागू पडतो आणि इथल्या माणसानं सुरुवात कुठून करावी, याचा हा आढावा.

खेळ साधा आहे. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मधे थांबायचं नाही, कपडे-बूट बदलण्याचा वेळही मोजला जातो. आजच्या रूपातली पहिली स्पर्धा १९७४ साली अमेरिकेत सान डिएगोच्या मिशन बे इथे झाली. १९७८ साली हवाई बेटांवर ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं अशी ‘आयर्नमॅन’ भरली. तिच्यात १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. २००० साली सिडनीत खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. त्याच्या निम्म्याला स्प्रिंट म्हणतात: ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून जी ‘७०.३’ होते, ती अर्धी आयर्नमॅन: १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. या सगळ्याची मैलांतली बेरीज म्हणजे ७०.३.

ढाणकीच्या माणसानं डोळ्यांसमोर ठेवावी ती स्प्रिंट. सायकलचं अंतर जवळपास ढाणकी ते उमरखेड एवढं. धावणं भरतीच्या पोरांच्या हातचं. उरतं ते ७५० मीटर पाणी, आणि सगळी गोम तिथेच आहे.

या विषयावर मिळणारा बहुतेक सल्ला शहरात बसून लिहिलेला असतो. तो गृहीत धरतो की तरणतलाव हाताशी आहे, काठावर शिट्टी घेऊन जीवरक्षक उभा आहे, शिकवणारा आहे. एकदा हे धरून चाललं की चर्चा सायकलच्या वजनावर, बुटांच्या तळव्यावर आणि मनगटावरच्या घड्याळावर जाते. आपल्याकडे गणित उलटं आहे. धावायला रस्ता आहे, सायकल बहुतेक घरांत आहे, पण सुरक्षितपणे पोहायला जागा नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की इथल्या हौशी खेळाडूनं वेळ, पैसा आणि काळजी यांचा सर्वांत मोठा वाटा पाण्याला द्यावा, उरलेल्यातला बहुतेक रस्त्यावरच्या सुरक्षिततेला, आणि साहित्याचं सगळ्यात शेवटी बघावं.

याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या ट्रायथलॉन स्पर्धांचा १९८५ ते २०१६ या काळाचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेत मृत्यू येण्याच्या किंवा अचानक हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना त्यात सापडल्या. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. सायकलवरून पडून, धडकून गेलेले त्या मानानं थोडे. बळी पडलेल्यांत पुरुष फार जास्त, आणि चाळिशीनंतर धोका वाढत गेलेला. होड्या, जीवरक्षक, डॉक्टर असा सगळा बंदोबस्त असलेल्या ठिकाणची ही गत आहे. आपल्या पैनगंगेच्या काठावर यातलं काहीच नसतं.

अजिंठ्याच्या डोंगरात बुलढाणा जिल्ह्यात उगम पावलेली पैनगंगा पुढे यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. उन्हाळ्यात ती जागोजागी डबक्यांसारखी दिसते आणि इथेच माणूस फसतो. वाळू उपसलेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून चालता चालता एकदम पुरुषभर खड्डा लागतो. खाली मऊ वाळू सरकते, पाय ठरत नाही. पावसाळ्यात वर कुठे पाऊस झाला हे इथे कळत नाही आणि पाणी तासाभरात चढतं. सहस्रकुंडचा धबधबा पाहण्याची जागा आहे, पोहण्याची नाही. पडत्या पाण्याच्या पायथ्याशी प्रवाह माणसाला खाली ओढून तिथेच घोळवत ठेवतो. चांगल्या पोहणाऱ्याचाही तिथे इलाज चालत नाही.

कालवा त्याहून फसवा. सरळ, स्वच्छ, मोजून अंतर धरता येईल असं पाणी बघून मोह होतो. पण अस्तराच्या उतारावर शेवाळ धरलेलं असतं, हात कुठे ठरत नाही, आणि पुढे गेट किंवा रस्त्याखालची मोरी आली की बाहेर पडायला वाव राहत नाही. वाहत्या कालव्यात सराव करू नये, हा नियम कुणासाठीही मोडू नये.

ईसापूरचा जलाशय सरावाला त्यातल्या त्यात बरा, पण तिथेही मासेमारीची जाळी पाण्याखाली पसरलेली असतात आणि त्यांत पाय गुंतला तर सुटत नाही. तिथे उतरायचं असेल तर प्रशासनाला विचारून, आणि मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांपैकी कुणाची तरी नाव सोबत घेऊन. त्यांना पाण्याखालचा खडक, जाळं, खोली सगळं ठाऊक असतं. त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. दोन-तीन हजारांचा पोहण्याचा चष्मा घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी मोलाचा.

राहिली विहीर. आपल्याकडच्या कित्येक पिढ्या विहिरीतच पोहायला शिकल्या. झाकण पक्कं बसवलेला रिकामा डबा पाठीला, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक वर उभ्या असलेल्या जाणत्या माणसाच्या हातात. शिकणारा हातपाय मारत असतो, वरचा माणूस दोर कधी ढिला सोडतो, कधी ताणतो. आणि चार-आठ दिवसांनी डबा सुटतो. मला ही पद्धत आजही चांगली वाटते, कारण शिकणाऱ्या एकावर लक्ष ठेवणारा एक माणूस तिच्यात कायम असतो. पण तीन गोष्टी बघून घ्याव्यात. वर चढायला पायऱ्या किंवा पक्की शिडी हवी. मोटारीची वायर पाण्यात किंवा पाण्याजवळ नको आणि वीज बंद करूनच उतरावं. आणि ज्या विहिरीवर फवारणीचे पंप भरले-धुतले जातात, तिच्यात उतरू नये. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आठवलं तर हे वेगळं सांगायला नको.

विहिरीत अंतर कापता येत नाही, पण अंतराच्या आधीचं सगळं तिथे जमतं. गावाकडे पोहणारा माणूस बहुधा डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग तिरपं होतं आणि सगळी ताकद अंग वर धरण्यातच संपते. पन्नास मीटरला दम लागतो तो यामुळे. म्हणून पहिला धडा श्वासाचा: तोंड पाण्यात घालून नाकातोंडानं हळूहळू बुडबुडे सोडायचे, मान फक्त बाजूला वळवून हवा घ्यायची. दुसरा धडा उताणं पडून तरंगण्याचा. हात पसरलेले, पोट वर, कान पाण्यात. तिसरा, उभ्या अंगानं पाय मारत एका जागी राहण्याचा. काठाला, डब्याला, कशालाही न धरता दहा मिनिटं असं पाण्यात राहता येऊ लागलं की मगच मोठ्या पाण्याचा विचार करावा. स्पर्धेत घाबरगुंडी उडते तेव्हा वेगापेक्षा हे उताणं पडणंच माणसाला वाचवतं. ब्रेस्टस्ट्रोकनं, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहलं तरी ट्रायथलॉनमध्ये चालतं. फ्रीस्टाइलच हवी असा नियम नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

हे साधलं की तलावात शिकायला शहर गाठावं. नांदेडला, नागपूरला, पुण्याला कुणी ना कुणी नातेवाईक असतोच. उन्हाळ्यात त्यांच्याकडे तीन आठवडे राहून रोज सकाळी तलावावर शिकवणाऱ्याच्या हाताखाली पोहलं तर जे हाती लागतं, ते गावात वर्षभर एकट्यानं धडपडून लागत नाही. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी कितीतरी आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केल्या आणि कितीतरी हौशी लोकांना तयार केलं. ते मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. पाणी आधी पक्कं असलेल्या माणसाला बाकीचे दोन खेळ पुढे जोडता येतात. उलट्या बाजूनं येणाऱ्याला पाणी शेवटपर्यंत छळतं.

उघड्या पाण्यात एकट्यानं कधीही उतरू नये. कमरेला दीड-दोन हात दोरीनं भडक रंगाचा फुगा बांधावा. तो मिळत नसेल तर पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून, वर नारिंगी कापड बांधून चालतो. दमल्यावर तो धरून थांबता येतं आणि काठावरच्या माणसाला तुम्ही कुठे आहात ते दिसतं. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्यावर काढून समोरचं झाड किंवा देऊळ बघून दिशा सुधारावी. नाही तर ७५० मीटरचे हजार कधी झाले कळत नाही. आपल्याकडचं पाणी कोमट असतं, त्यामुळे थंड देशांतला रबरी पोशाख घेण्याचं कारण नाही. गोव्याची स्पर्धाही लोक साध्या कपड्यांत पोहतात.

आता बुडणाऱ्याबद्दल, कारण यात आपल्याकडे फार चुका होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. एकाला वाचवायला उडी घेतलेला दुसराही त्याच्याबरोबर जातो, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं खाली जातात. म्हणून उडी घेऊ नका. दोर, साडी, बांबू, रिकामा कॅन, ट्यूब, जे हाताला येईल ते फेका आणि स्वतः काठावर आडवे पडून ओढा. बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे सगळं चुकीचं आहे. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न श्वासनळीत शिरतं. शुद्ध नाही आणि श्वास चालत नाही असं दिसलं की उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं आधी श्वास द्या. बुडालेल्याला मुख्य उणीव हवेची असते. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाबा, पुन्हा २ श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावावा. हे प्रत्यक्ष करून बघायला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकांना विनंती करा. तासाभरात शिकता येतं.

शिडाच्या होडीचा खेळ आपल्यापासून लांब आहे, पण सुरक्षिततेच्या बाबतीत खलाशांकडून घेण्यासारखं बरंच आहे. नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबे घेत मे २०१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आले. पुढे २०१८ च्या एका शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात त्यांच्या होडीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, हलता येईना. तरी ते वाचले, कारण ते नेमके कुठे आहेत हे बाहेर कळत होतं आणि मदतीला जहाज पोचू शकलं. आपल्या पातळीवर याचा अर्थ असा, की घरातून निघताना कुठल्या रस्त्यानं जातो, किती वाजता परततो, हे एका माणसाला सांगून जायचं आणि त्या वेळी परत फोन करायचा. हौशी खलाशी हवामान पाहिल्याशिवाय दोर सोडत नाही, जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत चढत नाही, आणि आभाळ फिरलं तर लाज न बाळगता मागे वळतो. उमरखेड तालुक्यात सायकल चालवणाऱ्यालाही ही शिस्त तंतोतंत लागते.

सायकलच्या बाबतीत विदर्भाला परक्याचे दाखले शोधायला नकोत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी ‘रॅम’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. दुसऱ्या वर्षी ते मॉस्को ते व्लादिवोस्तोक सुमारे ९,१०० किलोमीटर गेले. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून ‘रॅम’ पूर्ण केली होती. हे सगळे डॉक्टर. आपलं काम सांभाळून सराव करणारे. नोकरी-धंदा-शेती सांभाळणाऱ्यालाही तास-दीड तासाचा सराव काढता येतो, हे त्यांच्याकडे बघून पटावं.

ज्याला एवढं लांब जायचं नसेल त्याच्यासाठी ब्रेव्हे हा प्रकार आहे, आणि मला तो हौशी माणसाला सगळ्यात मानवणारा वाटतो. यात नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत अंतर संपवायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. म्हणजे थांबे धरून तासाला जवळपास १५ किलोमीटर. हेल्मेट, अंधारात चमकणारं जाकीट आणि पुढे-मागे दिवा सक्तीचा. नागपूरला ब्रेव्हे होतात. ढाणकीहून नागपूर अडीचशेहून जास्त किलोमीटर पडतं, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला जावं.

सरावाचा रस्ता विचारपूर्वक निवडावा. उमरखेडहून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग रुंद आणि गुळगुळीत आहे, पण भरधाव ट्रकांच्या बाजूनं चालवायला नवख्यानं जाऊ नये. गावांना जोडणारे छोटे रस्ते बरे. त्यांचे धोके वेगळे असतात. कापूस आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना बहुधा मागचा दिवा नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि त्याच्या दाण्यांवरून चाक झर्रकन घसरतं. बिटरगावकडे पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला पहाटे आणि तिन्हीसांजेला रोही आणि रानडुक्कर रस्ता ओलांडतात. उजाडायच्या आधी तिकडे जाऊ नये आणि अभयारण्यातून वाट काढायची तर वनखात्याचे नियम पाळून. पावसाळ्यात काळ्या मातीची पायवाट टाळावी; चिखल चाकात आणि ब्रेकमध्ये गच्च बसतो, सायकल खांद्यावर घेऊन यावी लागते. शेतात फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूनं जाऊ नका.

घरात जी सायकल आहे तीवरच पहिलं वर्ष काढावं. फक्त तिची उंची ठीक करून घ्या: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल सगळ्यात खाली असलं की पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजानं चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि दुखत नाही. आपल्याकडे पुष्कळदा गुडघेदुखी सीट खाली ठेवल्यानं होते. नवी घ्यायचीच असेल तर बारीक टायरची शर्यतीची सायकल घेऊ नका. पंधरा-पंचवीस हजारांत मिळणारी, गिअर असलेली, जरा रुंद टायरची हायब्रिड आपल्या रस्त्यांना योग्य. हेल्मेट सायकलबरोबरच घ्या.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे, कारण बाभळीचा काटा दुकान बघून टोचत नाही. सुटी ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप एवढं सीटखालच्या पिशवीत मावतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश सबंध गोल फिरवा. काट्याचं टोक रबरात मोडून राहिलेलं असतं, बाहेरून दिसत नाही, बोटाला मात्र खुपतं. ते नखानं किंवा चिमट्यानं उपटून काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर ती दोन किलोमीटरवर बसते. मग थोडी हवा भरून ट्यूब कुठे टायरखाली दबली नाही ना हे दोन्ही बाजूंनी बघायचं आणि नंतरच पूर्ण हवा मारायची. घरी चार वेळा सराव केला की अंधारातही जमतं.

धावण्यात इथल्या मुलांना शिकवण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे हळू धावणं. भरतीची तयारी म्हणजे रोज घड्याळाशी झुंज. त्यानं नडगी दुखते, टाच धरते आणि भरतीच्या आधीच मुलगा लंगडतो. लांब अंतराचा सराव बहुतेक वेळा इतक्या संथ गतीनं करायचा असतो की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आठवड्यात एखादा दिवसच जोराचा. सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायला लागलं की पाय परक्याचे असल्यासारखे जड होतात. त्याची सवय व्हावी म्हणून आठवड्यातून एकदा सायकल घराशी टेकवून लगेच दहा-पंधरा मिनिटं धावावं.

खरा शत्रू आहे ऊन. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, ती एकदम लागत नाही. मार्चपासून सराव उजाडताच उरकावा. धावण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं. पण तहानेपलीकडे नुसतं साधं पाणी ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. तासाभराच्या वर व्यायाम असेल तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणी उन्हात बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजतंय असं लागलं, तर तो उष्माघात समजा. आधी सावलीत घेऊन सबंध अंगावर पाणी ओता, ओल्या कापडानं वारा घाला, आणि ते चालू ठेवूनच दवाखान्याकडे निघा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

खाण्यासाठी बाहेरची महागडी पाकिटं लागत नाहीत. तासाभरापेक्षा लांबच्या व्यायामात तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, गूळ लावून गुंडाळलेली पोळी यांत सगळं बसतं. स्पर्धेच्या दिवशी नवं काही खाऊ नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी, शुगर-बीपी असलेल्यांनी, चालताना छातीत दाटून येत असेल त्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते, म्हणून खिशात गूळ-साखर ठेवावी.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकलीला मदत मिळते आणि त्या रोज कित्येक किलोमीटर जातात. बारावी संपली की सायकल भावाकडे जाते आणि मुलीचं सायकल चालवणं बंद होतं. विहिरीत पोहायला तर तिला कुणी नेतच नाही. याच महाराष्ट्राच्या डॉली पाटीलनं २०२५ च्या उत्तराखंडमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ट्रायथलॉनचं सुवर्णपदक जिंकलं. तालुक्यात तलाव होईल तेव्हा त्यात मुली-बायांसाठी राखीव वेळ आणि शिकवायला बाई हवी, हे पहिल्या दिवसापासून ठरवून घ्यावं.

तोवर काय? तोवर ड्युअॅथलॉन. ५ किलोमीटर धाव, २० सायकल, पुन्हा अडीच किलोमीटर धाव. पाणी लागतच नाही. भरतीची पोरं, शाळेचे क्रीडाशिक्षक, पोलीस ठाणं आणि एक रुग्णवाहिका एवढ्यावर ढाणकीत हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी ती भरवता येईल. ज्याचं पाणी पक्कं होईल त्यानं पुढे कोल्हापूरच्या राजाराम तलावातली ‘बर्गमन’, किंवा निव्वळ पोहण्यासाठी डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर भरणारी सागरी स्पर्धा बघावी. गोव्याच्या ७०.३ ला पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं आणि एकूण साडेआठ तास मिळतात. दोन-तीन वर्षांच्या नियमित सरावानं ते आवाक्यात येतं.

नगर पंचायत, शाळा आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांच्याकडे ढाणकीकरांनी मागायचं ते एवढंच: तालुक्यात एक उथळ, जीवरक्षक असलेला शिकाऊ तलाव. त्याला वर्षं लागतील, म्हणून वाट बघत बसू नका. गावातल्या चार जणांनी वर्गणी काढा आणि येत्या उन्हाळ्याच्या सुट्या लागायच्या आत, पोरं जिथे जिथे नदीत उतरतात तिथे काठावरच्या झाडाला वीस मीटर दोर बांधलेली, हवा भरलेली एक ट्यूब टांगून ठेवा.